विलायती गाडी आणि आप्पांचा चहा

ती गाडी मी घेतली तेव्हा सात वर्षं जुनी होती. बेळगावातल्या एका बिल्डरनं नवी घेतली म्हणून ही मला अर्ध्याहून कमी किमतीत मिळाली. मी दातांची डॉक्टर. दवाखाना बरा चालला होता आणि बाहेरच्या देशातून आलेली गाडी आपल्या दारात उभी असावी अशी हौस होती, हे लपवत नाही. आधीची देशी गाडी नवऱ्याकडं राहिली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडंच असतात. निपाणीजवळच्या आमच्या गावात त्यांनी उभं आयुष्य एका बागायतदाराच्या तंबाखूच्या रानात मजुरी केली. आम्ही बौद्ध. मालकांच्या घरी आप्पांना चहा मिळायचा तो अंगणात, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून. पिऊन झाला की कप स्वतः धुऊन परत ठेवायचा. म्हातारे मालक वारले आणि मुलगा कारभार बघू लागला. मी डॉक्टर झाले तेव्हा आप्पा पेढे घेऊन गेले, तर त्यानं पुडा कट्ट्यावर ठेवायला सांगितला.

विलायती गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो, त्या दिवशी हाच माणूस रस्त्यावर आला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवरून हात फिरवला. एरवी आप्पांना अरेतुरे करणारा तो म्हणाला, "आप्पा, आत या की. डॉक्टर, तुमीबी या. च्या घेऊन जावा."

आप्पा सोफ्याच्या कडेला बसले आणि बशीसकट आलेल्या कपातून चहा प्याले. मी माझा कप अर्धाच ठेवला. परतताना तवंदीचा घाट संपला तेव्हा आप्पा म्हणाले, "साखर जरा जास्त झालती, पण च्या चांगला हुता."

त्यानंतर आप्पा दर महिन्याला गावी जायचं काढू लागले, आणि दर महिन्याला ते दार उघडत गेलं.

चार महिन्यांनी एका सकाळी गाडी दारातच एका अंगाला बसलेली दिसली. तिच्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या, त्यातली एक फाटली होती. देशी गाडी ज्याच्याकडं जायची तो पिरनवाडीचा मेस्त्री खाली वाकून बघून गेला. याला आपण हात लावत नाही, म्हणाला. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून पुण्याला धाडावी लागली. पार्ट बाहेरून यायला महिना गेला. त्या एका पिशवीच्या बिलात देशी गाडीची तीन वर्षांची सर्व्हिसिंग झाली असती. पुढं एक दिवा तडकला. नुसती काच मिळत नव्हती, आख्खा दिवाच घ्यावा लागला. मग गिअरबॉक्स.

नवरा विकून टाक म्हणत होता. हौस केव्हाच फिटली होती. तरी मी दोन वर्षं ती ठेवली, कारण ती गेली की आप्पांचा चहा जाणार हे मला पक्कं माहीत होतं. दवाखान्यातली कुरकुरणारी खुर्ची बदलायची राहिली, आणि मी पुण्याची बिलं भरत राहिले.

गिअरबॉक्स दुसऱ्यांदा गेला तेव्हा मिळेल त्या भावात गाडी देऊन टाकली.

पुढच्या महिन्यात देशी गाडीतून गेलो. मालकांचा मुलगा कट्ट्यावर पेपर वाचत होता. आप्पांनी काच खाली केली, म्हणून मी थांबले. त्यानं बसल्या जागेवरूनच विचारलं, "काय रं, इकली व्हय गाडी? झेपत न्हवती तर घ्यायची कशाला?"

आप्पा हसले. "व्हय जी," म्हणाले, "खर्च लई हुता."

त्यानं पेपर परत उघडला. आम्ही थोडा वेळ तसेच थांबलो. आत कुणी बोलावलं नाही.

वाटेत मी आप्पांना म्हणाले की पुन्हा त्या दारासमोर गाडी थांबवणार नाही. ते बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "आणखी थोडा खर्च सोसला असतास तर काय झालं असतं गं?"

त्या माणसाचा राग तर होताच. पण त्याहून जास्त राग मला आप्पांचा आला, आणि त्यांच्या एका कपासाठी दोन वर्षं पुण्याला पैसे पाठवणाऱ्या माझा स्वतःचा.

तेव्हापासून आप्पांनी गावी जायचं नाव काढलेलं नाही. मीही काढत नाही.