अम्मीचा बाक

ठाकुर्लीला आमच्या चढावर एका तरुणाचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. चालू मिक्सरला कान लावून तो डॉक्टरसारखा ऐकतो आणि कुणी गप्पा मारायला रेंगाळलं की, "काम झालं ना काका? मग निघा," म्हणून हाकलतो. दुकानात गिऱ्हाइकाला साधं स्टूलही नाही. बसायला दिलं की माणसं उठत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

त्याची अम्मी गेली तेव्हा मी गावी होतो. परतल्यावर, तेराव्याच्या सुमारास भेटायला गेलो, तर हा केव्हाच कामाला लागलेला. मला ते खटकलं.

माझा चेहरा बघून तोच म्हणाला, "आमच्यात दुखवटा तीनच दिवस, काका. शेजाऱ्यांनी जेवण आणलं, चूल पेटवूच दिली नाही. आता रडून तिला काय मिळणार? तिच्या नावाने लोकांच्या उपयोगाचं काही केलं, तर ते पोचतं तिला."

त्याने बाहेर बोट दाखवलं. अम्मी चढावर दम लागला की ज्या दगडावर टेकायची, तिथे सिमेंटचा नवा बाक होता. त्यावर नावबिव काही नव्हतं.

"जोवर कोणी बसतंय, तोवर तिला पुण्य मिळत राहतं."

आता त्या बाकावर माणसं तासन्‌तास गप्पा ठोकतात. तो आतून कपाळाला आठ्या घालून बघतो, पण हाकलत नाही. दम लागला नसला तरी मीही येता-जाता टेकतो. उठायला लागलो की आतून आवाज येतो, "बसा हो काका, घाई काय आहे?"