पाटावरचे तांदूळ

गेल्या वर्षी आमचा गणपती धाकट्या दिरांच्या डोक्यावरून घरी आला. दारात मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि आमचे हे भिंतीला टेकून टाळ्या वाजवत राहिले. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. लग्न झाल्यापासून मूर्ती ह्यांनीच आणलेली. त्या दिवशी ह्यांनी मोदकाला हात लावला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

दिवाळीत रोह्याला दिलेली लेक हातातलं घड्याळ घेऊन आली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्यापुढे ठोके गेले की ते मनगटावर थरथरतं. "थरथरलं की थांबायचं, बाबा," असं तिने बजावलं. रोह्याच्या कंपनीत जन्मभर भोंग्यावर शिफ्ट केलेला माणूस, पण घड्याळाचं ऐकेल तर शपथ. पहिल्याच सकाळी वडखळच्या दिशेने तरातरा निघाले आणि रिक्षात बसून परत आले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मग डॉक्टरांना विचारून कारभार मी हातात घेतला. आधी नुसतं चालणं. ते अंगवळणी पडल्यावर डोक्यावर रिकामा पाट. मग पाटावर तांदळाची पिशवी, आणि दर आठवड्याला तिच्यात ओंजळभर तांदूळ जास्त.

"ओंजळीनं मूर्तीएवढं वजन कधी व्हायचं गो?"

"भादव्यापर्यंत व्हईल. घाई तुम्हाला हाय, गणपतीला नाय."

गंमत अशी की पाट धरायला दोन्ही हात वर, त्यामुळे ह्यांना स्वतःचं घड्याळ दिसायचंच नाही. ते वाचायला मी बाजूने चालायचे. सगळ्या संसारात हे पुढे आणि मी मागे, अशीच आमची चाल. ह्या वयात शेजारी शेजारी चालायला मिळालं ते मला भारी आवडलं. पावसात पडवीतल्या पडवीत फेऱ्या घालायचो. शेवटी तेच तांदूळ मी मोदकांसाठी दळून आणले.

यंदा पेणच्या कारखान्यातून मूर्ती टेम्पोने फाट्यापर्यंत आली. तिथून आमच्या घरापर्यंत खाडीच्या बांधावरून चालत यावं लागतं. ह्यांनी मूर्तीचा पाट डोक्यावर घेतला. टाळ वाजायला लागले.

बांधाचा चढ लागला आणि घड्याळ थरथरलं. ह्यांना ते कळलं होतं, कारण पाय उलट भरभर पडायला लागले.

"अवो, थांबा."

"मूर्त मधी खाली ठेवायची नसते."

"वहिनी, मी घेतो," म्हणत दीर पुढे आले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला सगळ्यांचाच राग आला.

"खाली ठेवायची नाय, खरं हाय," मी म्हटलं. "पण उभं राहायचं नाय, असं कोण बोललाय?"

दिरांनी मुकाट्याने मागून पाटाला हातांचा टेकू दिला. टाळ बंद झाले. सगळी मंडळी बांधावर ताटकळत उभी, आणि माझे डोळे त्या चिमुकल्या काचेवर. आकडा काही उतरेना. मी घाबरले होते. देवा, म्हटलं, तुझं ओझं थोडं तूही उचल की. मग हळूहळू ह्यांचा श्वास संथ झाला आणि आकडाही खाली आला.

"चला," मी म्हटलं, आणि टाळ पुन्हा सुरू झाले.

दारात मी ह्यांच्या पायांवर पाणी घातलं. माझ्या शेजारी चाललेले ते पाय, चिखलाने भरलेले. माझे डोळे भरून आले होते. घड्याळ आता गप्प होतं.

"पुरे गो, देवाला आत तर घेशील?"

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि दुसरा तांब्या ओतला.