निळ्या कागदाची डबी

मला लहानपणापासून दुसऱ्याच्या घरात डोकावायची वाईट खोड. पनवेलला आमच्या आळीत नवीन नर्सबाई राहायला आल्या तेव्हा त्यांचं सामान उतरायच्या आधी मी पायरीवर हजर होते. बाई ख्रिस्ती, नगरकडच्या. नवरा तिकडेच नोकरीला, आणि बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. आळीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. बाईंशी सगळे नीट बोलत, इंजेक्शनं टोचून घेत, पण त्यांच्याकडे पाणी प्यायला कुणी थांबत नसे. ती मुलगी दिवसभर खिडकीत बसून असायची. तिच्याकडे बघून मला चीड यायची, पण कुणाची ते कळायचं नाही.

डिसेंबर लागला तसं बाईंनी कागदकाम काढलं. दवाखान्यात कापसाच्या गुंडाळीवर जाड निळा कागद येई, तो त्या जपून घरी आणत. घड्या घालण्यात त्यांचा हात बसलेला होता, कारण दिवसभर औषधाच्या पुड्या बांधायच्या. पण ही तऱ्हा वेगळी होती, ती त्या शिकाऊ नर्स असताना मिशनच्या दवाखान्यातल्या एका मडमेकडून शिकल्या होत्या. ना कात्री, ना खळ. चौकोनी कागद, त्याची चारी टोकं एकत्र, मग आत, मग उलट, आणि शेवटी कागदाचं पोट बोटानं अलगद उघडलं की चार टोकांची चांदणी फुलायची आणि तिच्या मधोमध एक डबी तयार. मला होडी, टोपी आणि बेडूक एवढंच येत होतं. कागदाच्या पोटात डबी असते हे पाहून मी चाटच पडले. एक डबी मी तिथल्या तिथे उलगडून बघितली. आत काहीच लपलेलं नव्हतं, नुसत्या घड्यांच्या रेघा.

"असं सगळंच उलगडून कसं चालेल गं?" बाई म्हणाल्या, पण हसून.

त्यांच्याकडे नाताळचं एक भेटकार्ड होतं. त्यावर कौलारू घर आणि घरावर, झाडावर, वाटेवर सगळीकडे पांढरंशुभ्र. मी उरणच्या रस्त्याला मिठाचे ढीग पाहिलेली मुलगी. मी विचारलं, "हे मिठागर कुठलं?" बाईंनी तोंडाला पदर लावला. खिडकीतली मुलगी पहिल्यांदा खुदकन हसली. बर्फ म्हणजे काय ते तिनंच मला समजावलं, आणि तिनंही तो कधी पाहिलेला नव्हता. मग आम्ही दोघींनी कागदाचं घर केलं, छपराला ओला हात लावला आणि वर मीठ पेरलं. संध्याकाळी काय झकास दिसत होतं! सकाळी पाहतो तर मिठाला पाणी सुटलेलं आणि घर गुडघे टेकून बसलेलं. खाडीकाठच्या हवेत दुसरं काय होणार. आम्ही पोट धरून हसलो, आणि त्या दिवसापासून ती माझ्या मागे मागे फिरायला लागली.

नाताळच्या आदल्या दिवशी बाईंनी करंज्या तळल्या. अगदी आमच्या दिवाळीसारख्या. मला आश्चर्यच वाटलं, कारण माझ्या कल्पनेत नाताळला काहीतरी विलायती खातात. एकेका निळ्या डबीत दोन-दोन करंज्या बसल्या. मी भराभर घड्या घालून देत होते, शेवटची उघडायची घडी मात्र बाई स्वतः करत, माझ्या हातून तिथेच कागद फाटायचा.

"पण ताटलीत का नाही देत?" मी विचारलं. "आमच्याकडे ताटलीच देतात, वर रुमाल टाकून."

बाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "ताटली घासून परत करावी लागते. कुणाला शिवायची नसते, कुणाला घासायची नसते. कशाला कुणाला अवघड करायचं? कागद बरा. नको असलं तर करंजी गाईला घालता येते आणि कागद फेकून देता येतो."

मला एकदम रडू आलं. ते का, हे मला सांगता आलं नसतं.

डब्या वाटायला आम्ही दोघी गेलो. ओट्यावर मासळीची टोपली उतरवून बसलेल्या कोळणीनं तिथंच करंजी मोडून तोंडात टाकली. "बाय, ग्वाड हाय. आमी काय नाय बोलनार खायाला?" बाकीच्या घरांतून "ठेव तिथं" एवढंच. माझ्या आईनं डबी दोन्ही हातांनी घेतली, खिडकीत ठेवली आणि पुन्हा भाताकडे वळली. दारातून निघताना मुलीनं माझा हात दाबला. "तुझी आई खाईल?"

"बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत डबी नव्हती. आईला विचारायची माझी छाती झाली नाही. मी गोठ्याकडे जाऊन आले, उकिरडा पाहून आले. निळं काही दिसलं नाही. मुलगी रोज विचारायची आणि मी रोज काहीतरी भलतंच बोलायचे. मग तिनं विचारणं सोडलं आणि पुन्हा खिडकीत बसायला लागली. आईचा मला असा राग आला होता की जेवताना मी तिच्याकडे पाहत नव्हते.

संक्रांतीच्या दुपारी आईनं मला आत बोलावलं, दार लोटलं, आणि पाटाखालून एक निळा कागद काढला. चपटा, घड्यांच्या रेघांनी भरलेला. "ही डबी कशी करतात ते बघावं म्हणून उलगडली," ती खाली बघून म्हणाली, "आता होतच नाही. किती दिवस खटपट करतेय. तुला येते ना?"

डोकावायची खोड मला कुठून आली ते मला त्या दिवशी समजलं. मी बसून सगळ्या घड्या घातल्या आणि शेवटच्या घडीला अडले. "ती घडी बाईच करतात," मी म्हटलं.

आईनं नवं लुगडं नेसलं, तिळगुळाची वाटी घेतली, कागद घेतला आणि आळीतून सरळ नर्सबाईंच्या घरी गेली. मी मागे. आई चटईवर बसली आणि कागद पुढे केला. "हे एवढं शिकवा. रिकामी डबी परत कशी द्यायची, म्हणून तिळगुळाची वाट बघत होते. तोवर ही उघडून बसले."

"कागदाची डबी परत नाही करायची हो," बाई म्हणाल्या.

"असं कसं?" आई म्हणाली.

मुलगी खिडकीतून उतरली होती. तिनं थेट विचारलं, "करंजी खाल्लीत?"

"त्याच दिवशी. दोन्ही. हिला एकही ठेवली नाही," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "वेलदोडा थोडा कमी घाला पुढच्या वेळी."

बाईंनी कागद घेतला नाही. त्यांनी आईचीच बोटं धरून डबीच्या पोटात घातली. चांदणी उघडली आणि एका बाजूनं थोडी फाटली. आईनं तशाच डबीत तिळगूळ भरला आणि मुलीच्या हातात दिला. मग बाईंनी विचारलं, "पाणी देऊ?"

"द्या," आई म्हणाली.