रविवारचा मॉरिशस

मॉरिशसला कुणी ‘ये रे एकदा घरी जेवायला’ म्हटलं, की तो जागच्या जागी थांबायचा आणि विचारायचा, ‘‘कधी?’’

आता मुंबईत असं कुणी विचारतं का? ‘ये एकदा घरी’ हे आपण बस दिसली, रिक्षा मिळाली, बोलणं आवरायचं असलं की म्हणतो. म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. ‘येतो की’ म्हणायचं आणि सुटायचं. पण हा बाबा शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढायचा, पेनाचं टोपण दातात धरायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. समोरचा गांगरून कुठलातरी वार सांगून मोकळा व्हायचा. आणि त्या वारी बरोबर साडेबाराला हा त्याच्या दारात उभा.

त्याचं नाव शिवराम, आडनाव लक्ष्मण. लक्ष्मण हा त्याचा खापरपणजा. ऊस तोडायला म्हणून कोकणातून बोटीत चढला, तिकडे कारकुनाने वहीत नुसतं ‘लक्ष्मण’ लिहिलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. मूळ आडनाव काय, गाव कुठलं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला तो मॉरिशसहून शिष्यवृत्ती घेऊन अंधेरीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आला आणि प्रयोगशाळेत माझ्या टेबलाला लागला. शिवराम त्याला कुणी म्हटलंच नाही, सगळ्यांचा तो मॉरिशसच. काळा, उंच, दात पांढरेशुभ्र, आणि मराठी अशी की पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला. आजीकडून शिकलेली, खेड्यातली, शंभर वर्षांपूर्वीची मराठी. त्यात ‘तुम्ही’ नव्हतंच. प्राचार्यांनासुद्धा तो म्हणाला होता, ‘‘तू मला चिठ्ठी दे, मी घरी पाठवतो.’’

तो मरोळला एका ख्रिस्ती म्हातारीकडे कॉट भाड्याने घेऊन राहायचा. सगळे तिला आँटी म्हणायचे. जेवण बाहेर. दुपारी स्टेशनजवळच्या उडप्याकडे राइस प्लेट. तिथे एका टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात, खाली मान घालून सात मिनिटांत जेवतात आणि उठतात. हा मात्र समोर कुणी बसलं की हसून विचारायचा, ‘‘तुझी प्लेट अजून आली नाही काय? माझ्यातली भाजी घे.’’ एक गृहस्थ घाबरून दुसऱ्या टेबलावर गेले, जाताना पाकीट चाचपलं त्यांनी. मी म्हटलं, ‘‘यार, ते काय तुझे सोयरे आहेत?’’ तर म्हणाला, ‘‘एका टेबलावर जेवायला बसलो ना? मग काहीतरी असणारच.’’ त्याला एकट्याने जेवता यायचं नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी त्याची नक्कल करून मित्रांना हसवत होतो.

एकदा आमचे एक सर त्याला ‘ये कधीतरी मुलुंडला’ म्हणाले. झालं. रविवारी हा अननस घेऊन मुलुंडला. अर्धा तास सोसायटी शोधली. सर लुंगीवर झोपलेले. बाईंनी चहा दिला, दोन खारी बिस्किटं दिली आणि आतून भांड्यांचे आवाज काढत राहिल्या. तासाभराने हा उठला. सोमवारी मला सांगत होता, ‘‘सरच्या बायकोचं डोकं दुखत असणार. नाहीतर तिने जेवायला घातलं असतं.’’

‘‘अरे, ते नुसतं म्हणायचं असतं,’’ मी म्हणालो.

‘‘मग म्हणायचं कशाला?’’

त्याच्याकडे प्रत्येकासाठी अशी एक सबब तयार असायची. कुणाचं डोकं दुखत असणार, कुणाकडे पाणी आलं नसणार. दुसऱ्याचा खोटेपणा आपणच निस्तरायचा, ही त्याची सवय. लोकांनी तिचा बराच फायदा घेतला. सर्वात जास्त मी घेतला.

आमच्या घरीही तो असाच आला. मी बोलून गेलो, त्याने वार विचारला, मी रविवार म्हटलं. आम्ही अंधेरी पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले होते. आई, मी आणि थोरली बहीण सुनंदा. आई मालवणीच बोलायची. मॉरिशस आत आला, चपला काढल्या, वाकून आईच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘‘आये, मी जेवायला आलो.’’

आई स्वतःच्या आईला आये म्हणायची. ती लगेच सुनंदाला म्हणाली, ‘‘तेका मोठो बांगडो वाढ गो.’’ त्या दिवशी तो भाताच्या तीन वाढण्या जेवला. जेवून उठला आणि स्वतःचं ताट घेऊन मोरीत घासायला बसला. आई कासावीस झाली, ‘‘पुरुष माणसान ताट घासूचा नाय रे झिला.’’ तो म्हणाला, ‘‘पाहुण्याने घासू नये. मी कुठे पाहुणा आहे?’’ जाताना त्याने दादांना विचारलं, ‘‘तू पुढच्या रविवारी घरी असशील काय?’’ दादांना आयुष्यात इतक्या लहान माणसाने ‘तू’ म्हटलं नव्हतं. ते हसले. गिरणी बंद पडल्यापासून ते फारसे हसत नसत, म्हणून मला आठवतं.

पुढे जवळजवळ सव्वा वर्ष तो दर रविवारी येत होता. आई बाजारातून येताना एक बांगडा जास्त घ्यायची. साडेबाराला जिन्यात पावलं वाजली की सुनंदा भात उतरवायची. तो आईला त्याच्या गावच्या गणपतीच्या गोष्टी सांगायचा, सुनंदाशी पत्ते खेळायचा, हरायचा. त्याच्या डायरीत इतर आमंत्रणं येईनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘एक घर झालं ना. आता बाकीची कशाला?’’ एवढंच त्याला हवं होतं. परमुलखात आठवड्यातून एकदा, आपली वाट बघणाऱ्या माणसांत बसून जेवायला मिळावं. त्यापलीकडे त्याने आमच्याकडे काही मागितलं नाही.

मग सुनंदाचं जमायला लागलं. स्थळ चेंबूरचं, मुलगा सरकारी नोकरीत, माणसं बरी. मध्यस्थ होते दादांचे घाटकोपरचे चुलतभाऊ. ते एका संध्याकाळी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘तो काळा पोरगा कोण येतो रे दर रविवारी? चेंबूरवाल्यांनी खाली चौकशी केली. लोकांनी सांगितलं.’’

‘‘ह्याचा मित्र आहे. आपल्याकडचाच, मूळ कोकणातला,’’ दादा म्हणाले.

‘‘कोकणातला? गाव कुठलं? आडनाव काय?’’

गाव नाही, आडनाव नाही, कोणातला काय काहीच सांगता येत नाही. आणि घरात लग्नाची मुलगी. काका गेल्यावर दादांनी मला गॅलरीत बोलावलं. ‘‘त्याला सांग, लग्न होईपर्यंत येऊ नको. कसं सांगायचं ते तू बघ. त्याला वाईट वाटता कामा नये.’’ आईला त्यांनी सांगितलं की त्याची परीक्षा आहे.

खरं सांगायला काय हरकत होती? तो समजला असता. ‘सुनंदाचं लग्न होऊ दे, मग येतो’ म्हणाला असता, वर आनंदाने म्हणाला असता. पण माझं तोंडच उघडेना. त्याला खरं कारण सांगायचं म्हणजे, आमच्याकडे तुझ्यासारख्याला असं बघतात, हे सांगायचं. मी भित्रा माणूस. त्याचीच रीत मी त्याच्यावर वापरली. म्हणालो, ‘‘आईला बरं नाही.’’

‘‘काय झालं?’’

मी काही ठरवून गेलो नव्हतो. ‘‘छातीचं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, घरात कुणाची ये-जा नको.’’

त्याचा चेहरा उतरला. ‘‘मग मी कधी येऊ?’’ त्याने विचारलं.

‘‘मी सांगेन,’’ मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी तो कॉलेजात स्टीलचा डबा घेऊन आला. त्यांच्याकडे म्हणे घरातली बाई आजारी पडली की शेजारपाजारचे तिची चूल चालवतात. बाहेरच्याने आत जायचं नाही, डबा उंबऱ्यावर ठेवायचा. आँटीच्या स्टोव्हवर त्याने पालेभाजीचं पातळ सार केलं होतं. ‘‘आयेला दे. हे छातीला चांगलं.’’ तो डबा मी घरी कसा नेणार? आई धडधाकट, पापड लाटत बसलेली. मी कॉलेजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते सार प्यायलो. आळणी होतं. मुद्दाम मीठ कमी घातलं होतं त्याने. डबा नळाखाली धुतला आणि मंगळवारी परत दिला.

‘‘आये काय म्हणाली?’’

‘‘बरं वाटलं म्हणाली.’’

असे किती सोमवार गेले? लग्न ठरलं, याद्या झाल्या, हॉल ठरला, आणि हा दर सोमवारी डबा आणतच होता. कधी सार, कधी मऊ भात. शेवटी शेवटी मला ते गिळेना. मी गटारात ओतायला लागलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लग्नाला त्याला बोलावलं नाही, कारण आई हॉलभर हळदीकुंकू घेऊन फिरणार होती.

लग्न झालं. सुनंदा चेंबूरला गेली. आठवडाभराने दादा स्वतः म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या त्या मॉरिशसला बोलव आता. घर खायला उठलंय.’’ आईही म्हणाली, ‘‘केवढी ती परीक्षा! संपली नाय काय?’’ पण आता माझी वाट लागली होती. तो आला असता तर दारातच त्याने विचारलं असतं, ‘आये, छाती कशी आहे?’ आणि आईने विचारलं असतं, ‘कसली छाती?’ मग सगळंच बाहेर आलं असतं, सार आणि गटार धरून. म्हणून मी आईला म्हणालो, पुढच्या रविवारी. त्याला म्हणालो, अजून थोडे दिवस. दादांनी बंद केलेलं दार दादांनी उघडलं होतं. आता ते मीच लावून धरलं होतं, आणि मुंबईत त्याला दुसरं दार नव्हतं.

त्या दिवसांत तो वाळत चालला होता. दुपारची राइस प्लेटही बंद केली होती. रस्त्यावर उभं राहून वडापाव खायचा, बर्फ घातलेलं सरबत प्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘बसून खाल्लं की वेळ जातो.’’ रविवारी काय करतोस, हे मी विचारलं नाही. मग एका सोमवारी तो आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, देवाशपथ. डबा नाही, प्रश्न नाहीत. दोन आठवडे मी तसाच आरामात काढले. तिसऱ्या आठवड्यात वर्गातल्या एकाने विचारलं, ‘‘तुझ्या मॉरिशसचं काय झालं रे?’’ तेव्हा मी मरोळला गेलो.

आँटी दारातच बसली होती. ‘‘तो गेला ना बाबा. कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे. आधी ताप ताप म्हणून अंगावर काढलं, मग उठताच येईना. शेवटी त्याचा काका आला आणि विमानाने घेऊन गेला.’’

‘‘मला का नाही कळवलंत?’’

‘‘मी म्हटलं ना त्याला, तुझ्या दोस्ताच्या घरी निरोप धाडते, अंधेरीला. तर हात जोडले त्याने. म्हणाला, तिथे आई आजारी आहे. त्यांना हे सांगू नको, ती उठून येईल.’’

आली असती. आई खरंच उठून आली असती. त्याला रिक्षात घालून घरी आणलं असतं, काविळीचं पथ्य केलं असतं, डॉक्टरकडे घेऊन बसली असती. त्याच्या आजारात त्याच्यासाठी धावणारं एकच माणूस या शहरात होतं आणि त्या माणसाला मी माझ्या तोंडाने अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. मी आँटीच्या दारातच रडलो आणि घरी येऊन आईला सांगितलं, मॉरिशस मायदेशी गेला, घाईत गेला. ‘‘माका न भेटता?’’ ती म्हणाली. दोन दिवस तिने त्याच्यावर राग धरला. तोही मी धरू दिला.

चार-पाच महिन्यांनी पत्र आलं. पाकिटावर आईच्या नावाच्या जागी नुसतं ‘आये’ आणि खाली आमचा पत्ता. आत त्याच्या वडिलांचं पत्र, मोठ्या वेड्यावाकड्या देवनागरीत, ओळी सोडून लिहिलेलं. आईला वाचता येत नव्हतं. दादा कामावर होते. पत्र त्याचं नाही, त्याच्या वडिलांचं आहे म्हटल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, ‘‘वाच.’’

मला एखादी ओळ गाळता आली असती. त्या दिवशी ती लबाडीही माझ्याच्याने झाली नाही. मी जसंच्या तसं वाचलं. शिवराम घरी पोचून अठरा दिवसांनी वारला. यकृतात काही उरलं नव्हतं. शुद्धीत होता तोवर अंधेरीच्या घराचं बोलत होता. तू त्याला जेवू घातलंस, तुझे उपकार आम्ही फेडू शकत नाही. तू आजारी असताना त्याचा जीव तुझ्यापाशी होता. त्याने सांगितलं म्हणून आम्ही गणपतीला तुझ्यासाठी नवस बोललो आहोत. तुझी छाती आता बरी आहे काय, ते कळव, म्हणजे नवस फेडू.

आई बराच वेळ रडत होती. मग थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘माझी छाती? माका काय झाल्ला रे?’’

मी सगळं सांगितलं. काका, दादा, सार, शेड, गटार. ती उठली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर आई अकरा वर्षं होती. माझं सगळं केलं तिने, माझं लग्न केलं, माझी मुलं सांभाळली. पण मला ‘जेवायला ये’ म्हणून तिने पुन्हा कधी हाक मारली नाही. ताट वाढून झाकून ठेवायची.