दुसरा वाफा

सांगलीच्या नदीकाठी मळीच्या, म्हणजे पुराच्या गाळाच्या जमिनीत वांगी पिकवणाऱ्या त्या बाईंचे नाव मी कधी विचारले नाही. रोपे त्या नेहमी दोन वाफ्यांत टाकीत. एका वाफ्यातली काठावर लावीत. दुसरा, थोडा उशिरा टाकलेला, माझ्या कुंपणालगत उंचावर राखून ठेवीत. कारण विचारले की म्हणत, "पैला नदीचा, दुसरा आपला."

त्या आश्विनात नदीने नव्हे, गटाराच्या ठेकेदाराने घात केला. चर खणून त्याने सारे पाणी बाईंच्या लावणीवर सोडले. रोपे वाहून गेली. मी संतापून, कायद्याच्या कलमांचे आधार देऊन बाईंच्या वतीने दरबाराकडे भरपाईचा अर्ज लिहिला. तो फेटाळला गेला. तेव्हा मी दौत खिडकीबाहेर भिरकावली आणि गर्जलो, की या संस्थानात कायदा उरलेला नाही; यापुढे मी एक अक्षरही लिहिणार नाही!

बाई कुंपणाशी राखीव रोपे उपटीत होत्या. त्यांनी दौत उचलली, पदराने पुसली आणि खिडकीत आणून ठेवली.

"आवं आप्पा, एकच अर्ज टाकला व्हता व्हय?"

"फेटाळला ना त्यांनी!"

"मग? माजं बी नदीनं लय येळा फेटाळलंय की."

आणि हसत, रोपांची पाटी डोक्यावर घेऊन त्या काठाकडे निघाल्या.

पौषात माझ्या उंबऱ्यावर कोवळी, काटेरी वांगी आली. भरपाई अद्याप आलेली नाही. माझा दुसरा अर्ज विचाराधीन आहे. तिसऱ्याचा मसुदा मी करून ठेवला आहे.