भंतेंसाठी वाढलेलं ताट

तव्यावर तांदळाची भाकरी फुगली की त्या वाफेच्या वासाबरोबर मला कडावचं आमचं जुनं घर आठवतं.

पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाला विहारात राहिलेल्या भंतेंचं जेवण त्या दिवशी आमच्याकडे होतं. दुपारी बारानंतर ते जेवत नसत. आई पहाटेच भाताच्या लावणीला गेली होती. उशीर झाला तशी चिखलाच्या पायांनी धावत येऊन चुलीपाशी बसली. तिनं ताट पुढे ठेवलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"माझ्यामुळं तुमी उपाशी राहिले, भंते," म्हणताना तिचे डोळे भरून आले.

त्यांनी ताट हळूच तिच्याकडे सरकवलं. "तुम्हीही सकाळपासून उपाशीच आहात, ताई. जेवा. मी बसतो."

आई संकोचत जेवली. कुठलीच घाई नसल्यासारखे भंते तिची भाकरी संपेपर्यंत शांत बसून राहिले.

आमच्यामुळे त्यांना उपास घडला, याची मला कितीतरी वर्षं लाज वाटायची. आता आई नाही, आणि आठवतं ते वेगळंच. तिला गरम भाकरी खाताना मी त्या एकाच दुपारी पाहिलं.