कोंबड्याविना अंडं

ताई जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारे तिच्या सोशिकपणाबद्दल बोलतात आणि मी मान हलवते. ताई सोशिक नव्हती. आजारपणात तर मुळीच नव्हती. पण समाचाराला आलेल्या माणसाला कोंबड्यांची गोष्ट कशी सांगायची, म्हणून ती मी इथे लिहीत बसले आहे. रोज थोडी लिहिते.

तेव्हा आम्ही भांडुपला राहत होतो. घरमालकांच्या बंगलीमागे तीन कौलारू खोल्या होत्या, त्यांतली कडेची आमची. वडील गिरणीत. ताई तेरा वर्षांची, मी अकरा. त्या वर्षी ताईला टायफॉईड झाला. ताप उतरला, पण ती उभी राहिली की भिंत धरायची आणि चार पावलांत खाली बसायची. डॉक्टर म्हणाले, "औषधापेक्षा हिच्या पोटात रोज एक अंडं जाऊ दे. नाहीतर ही अशीच राहील."

आमच्या आवारात अंडं चालत नसे. खोली देतानाच मालकांनी तसं बजावलं होतं. बाजारातून आणावं, तर फाटकाशेजारीच त्यांचा व्हरांडा आणि व्हरांड्यात दिवसभर ते स्वतः. फोर्टातल्या कचेरीतून निवृत्त झालेले, पदवीधर, प्रत्येक पिशवीची आपुलकीने चौकशी करणारे. आम्ही मुली त्यांना काका म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. मला दर रविवारी आपल्या कपाटातलं एक पुस्तक वाचायला द्यायचे.

आई त्यांच्यासमोर जपून, शाळेतल्या बाईंसारखं बोलायची. एक दिवस ती व्हरांड्याच्या पायरीशी जाऊन म्हणाली, "परसात विंचू फार झालेत हो. दोन कोंबड्या ठेवू का? विंचू टिपून खातात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कोंबड्या ठेवा. पण कोंबडा नको. कोंबडा नसला म्हणजे अंड्यांचा प्रश्नच येत नाही."

आईने पदर सारखा केला. "नाही हो. कोंबडा कशाला?"

घरात येऊन तिने दार लोटलं आणि तोंडात पदर कोंबून खाटेवर बसली. ताई घाबरली, तिला वाटलं आई रडतेय. आई हसत होती.

"एवढो शिकलेलो माणूस! कोंबो नाय म्हणान कोंबी अंडा घालूचा सोडता की काय?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू गप रव," आई म्हणाली.

वडिलांनी ओळखीच्या माणसाकडून दोन कोंबड्या आणल्या, एक लाल आणि एक काळी. आठवडाभरात दोघींनी अंडी घालायला सुरुवात केली. कच्चं अंडं दुधात फेटायचं, ताईने नाक दाबून प्यायचं. टरफलं आई पाट्यावर बारीक वाटायची आणि कोंबड्यांनाच घालायची. मागे काही उरतच नसे.

अडचण एकच होती. अंडं घातलं की कोंबडी गप्प बसत नाही, सगळ्या आवाराला ओरडून सांगते. पहिली "कॉक कॉक" आली की आई आतून म्हणायची, "मोठ्यान वाच गो!" आणि मी पाढे नाहीतर कविता घोकायला लागायची. सत्तावीसचा पाढा मला आजही पाठ आहे तो लाल कोंबडीमुळे. काका शेजाऱ्यांना सांगायचे, "मुलगी बघा, सकाळी ठरल्या वेळी पाठांतराला बसते."

चुकीच्या समजुती काही एकट्या काकांच्या नव्हत्या. काळ्या कोंबडीचं अंडं उष्ण, तापातून उठलेल्या माणसाला बाधतं, अशी आईची खात्री होती. ते वडिलांना. ताईला फक्त लालचं. पण लाल एक दिवसाआड घालायची. मी काकांच्या एका पुस्तकात कोंबड्यांविषयी वाचलं होतं, त्यात रंगाचं काही नव्हतं. अंडी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं आणि अंड्यावर कोंबडीचं नाव नसतं. आई विचारायची, "लालचाच मा?" ताई माझ्याआधी उत्तर द्यायची, "लालचंच!" आणि गटागट पिऊन टाकायची.

पावणेदोन महिने असे गेले. ताई भिंत सोडून चालायला लागली, पण दारापर्यंतच. आणि एक दिवस काळीने घात केला. काकांच्या मागच्या पडवीत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. ती सरळ त्यावर जाऊन बसली.

काका आले ते हातात वर्तमानपत्र आडवं धरून. वर मधोमध अंडं. हात लागू नये म्हणून ते इतके सावकाश चालत होते की मला दया आली.

"कोंबडा कुठे लपवलाय?"

"कोंबडा नाही हो," आई म्हणाली.

"मग हे काय आहे?"

त्यांनी वर्तमानपत्र उंबऱ्यावर ठेवलं आणि घरात शिरले. लाकडाच्या फळीमागे पाहिलं, रांजणामागे पाहिलं, मग गुडघे टेकून ताईच्या खाटेखाली डोकावले. ताईने पाय वर घेतले.

"काका, माझ्या अंथरुणात बघता का?"

"तू बोलू नकोस. आजारी आहेस." ते उठले, धापा टाकत म्हणाले, "उद्या दोन्ही कोंबड्या इथून गेल्या पाहिजेत."

आईचा चेहरा उतरला. मग काका माझ्याकडे वळले.

"तू वाचणारी मुलगी आहेस. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. सांग, कोंबडा कुठे आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही. पण मला खोटं सुचेना.

"कोंबडा नाहीच, काका. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. तुमच्याच पुस्तकात आहे."

काका हसायलाच लागले.

"अगं वेडे, घाईघाईने वाचलं की असं होतं! पुस्तक पुन्हा ने आणि नीट वाच." आईला म्हणाले, "लहान आहे. तिला काय कळणार. हा नाल्यापलीकडच्या म्हातारीचा कोंबडा येतोय."

"येत असेल हो," आई लगेच म्हणाली. "मग कोंबड्यांचं काय करू?"

"त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्या राहू देत. बंदोबस्त मी करतो."

ते तडक नाल्याकाठी गेले. पलीकडची म्हातारी भात पाखडत होती.

"तुमचा कोंबडा आवरा!"

"माझा कोंबडा?" म्हातारी ओरडली. "तो एका पायाने लंगडा आणि डोळ्याने अधू. नाला ओलांडून तुमच्याकडे कशाला मरायला येईल?"

"येतो. माझ्याकडे पुरावा आहे!"

दोन दिवस खपून काकांनी कोंबड्यांना जाळीचं खुराडं बांधलं. चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, दाराला कडी. आत मुंगूसही शिरू शकलं नसतं. कडी उघडायची परवानगी फक्त मला, मी खरं बोलणारी म्हणून. आता कोंबड्या भटकत नव्हत्या, सगळी अंडी एका जागी मिळत होती आणि काका येणाऱ्याजाणाऱ्याला खुराडं दाखवून सांगत होते, "तेव्हापासून एक अंडं दिसलेलं नाही."

आणखी महिन्याने डॉक्टरांनी ताईला शाळेत जायला सांगितलं. पहिल्या दिवशी आईने मला बजावलं, "तिचा दप्तर तू घे. वाटेत बसव तिका."

फाटक ओलांडल्याबरोबर ताईने दप्तर माझ्या हातातून ओढून घेतलं.

"काय गं, तुला खरं सांगायची काय गरज होती? वाट लावली असतीस सगळ्यांची."

"मला खोटं सुचलं नाही."

"सुचत नाही म्हणजे? शिकायला नको?"

ती रस्ताभर मला शिकवत राहिली. कसं बोलायचं, बोलताना कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे. डांबरी रस्ता लागला, तिथे कट्टा होता. आईने सांगितल्याप्रमाणे मी तिला तिथे बसवायला हवं होतं. पण ती इतकी भरभर चालत होती आणि बोलत होती, की मला तिच्या मागे पळावं लागत होतं. कट्टा मागे पडला. मी तिला थांब म्हटलं नाही.